पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा

आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत मेच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली असते. आत गिलावा आहे. गिलाव्यावर रंग आहे. रंग टिकावा म्हणून ताडपत्री आहे, आणि ताडपत्री आहे म्हणून रंग कुणाला दिसत नाही. ज्याला यात काहीच हसण्यासारखं वाटत नाही, त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल. तो बहुतेक माझा दादाच असेल.

दादा मुंबईला असतो. गोदीत नोकरी केली, आता निवृत्त झालाय, पण गावाला येऊन राहण्याचा विषय काढला की त्याला लगेच डॉक्टरकडे जायचं असतं. मी धाकटी. रत्नागिरीतल्या एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवली, रोज एसटीने गेले नि आले, लग्न केलं नाही, आणि आईबरोबर याच घरात राहिले. त्यामुळे घर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आणि घर कसं दिसायला हवं हे ठरवायचं काम दादाकडे गेलं. वडील होते तोवर अशी वाटणी नव्हती.

घर वडिलांनी बांधलं होतं. जांभ्याचे चिरे, वर कौलं, आणि छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे ओढलेलं. पागोळ्या पडायच्या त्या थेट अंगणात, भिंतीला त्यांचा शिंतोडाही लागत नसे. बाहेरून गिलावा नव्हता. आमच्याकडचा चिरा भोकाभोकांचा, पाऊस लागला की पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडून देतो. त्याला मोकळा ठेवला तर त्याची काही तक्रार नसते. त्रास एकाच बाजूचा, पश्चिमेचा. खाडीवरून वारा सुटला की पाऊस वरून न पडता आडवा येतो, त्याला आम्ही झड म्हणतो. त्यासाठी आई मे महिन्यात नारळाच्या झावळ्यांचे झाप विणायची आणि वडील ते पश्चिमेच्या भिंतीला उभे बांधायचे. खिडकीसमोरचा झाप मात्र फक्त वर बांधलेला असायचा. पाऊस थांबला की त्याला खालून काठीचा टेकू द्यायचा, झड आली की काठी काढायची. बस, एवढंच. याला इंजिनिअर लागत नव्हता.

ही खिडकी आईच्या खोलीची. तिच्यातून खाली खाडी दिसते, धक्क्याला लागलेल्या होड्या दिसतात आणि गावातून वर येणाऱ्या रस्त्याचं वळण दिसतं. आईचे गुडघे गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून तिचं जग म्हणजे हे वळण. कोण एसटीतून उतरलं, कोणाच्या पाटीत आज बांगडा आहे, कोणाची सून माहेराहून आली, कोण कोणाशी बोलत नाही, हे तिला खाटेवर बसून समजायचं. माणूस वळणावर दिसायच्या आधी नुसत्या छत्रीवरून ती नाव सांगायची. मी शाळेतून आले की गावाची बातमी मला घरात बसलेल्या बाईकडून मिळायची.

आणि मग दादाला घर सुधारायची हुक्की आली.

त्याचं असं झालं की मुंबईच्या आमच्या ग्रामस्थ मंडळात एकेकाने आपापल्या गावच्या घराचे फोटो दाखवायला सुरुवात केली. स्लॅब, ग्रिल, गुलाबी गिलावा, गच्चीवर सिमेंटचा गरुड. आमच्या लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं आहे, की बाहेरून गिलावा नसलेलं घर म्हणजे अर्धवट राहिलेलं घर, आणि अर्धवट घर म्हणजे मुंबईला गेलेल्या मुलाने काही केलं नाही. घरात राहणारी माणसं कोरडी आहेत की नाहीत हे मंडळात कुणी विचारत नाही.

दादा गवंड्याला घेऊन आला आणि छप्पर उतरवलं. त्या जागी स्लॅब घातला, आणि स्लॅब भिंतीच्या बाहेर किती काढला, तर खिडकीवर एक वीतभर छज्जा. मी म्हटलं, "अरे, पावसाचं काय?"

"आता सिमेंट आहे, पूर्वीसारखं नाही," दादा म्हणाला. मुंबईची इमारत बघ, तिला कुठे वळचण असते, असंही वर ऐकवलं. मुंबईच्या इमारतींची भिंत कशी दिसते हे मी पाहिलेलं आहे. पण दादाला सल्ला देणं म्हणजे पालथ्या घागरीवर पाणी ओतणं. गवंडीही त्याच्याच बाजूचा. हा आमचा गवंडी मोठा गोड माणूस. समोरचा जे म्हणेल त्याला तो मान हलवतो. दादा म्हणाला गुळगुळीत, तो म्हणाला गुळगुळीत. दादा म्हणाला लवकर, तो म्हणाला लवकर. नदीची रेती यायला वेळ लागत होता, म्हणून त्याने खाडीची आणली, नीट धुतली की नाही देव जाणे. तिच्यात मीठ. सिमेंटमध्ये मीठ, आत पाणी पिणारा चिरा आणि बाहेरून त्यावर प्लास्टिकचा रंग. म्हणजे चिऱ्याने पाणी प्यायचं, पण सोडायचं मात्र नाही.

रंग पिस्ता. आमच्या गावात त्या रंगाचं दुसरं काही नाही, पिस्तासुद्धा नाही.

त्याच वर्षी श्रावणात पश्चिमेच्या भिंतीला फोड आले. आधी रंगाचे, मग गिलाव्याचे. बोटाने टकटक केलं की आतून पोकळ आवाज. खिडकीच्या खाली पांढरा खार फुटला. आणि एका दुपारी आम्ही जेवत असताना ताटाएवढा तुकडा अंगणात पडला. आई म्हणाली, "फणस पडला काय गो?" मी बाहेर जाऊन बघून आले आणि म्हटलं, "नाही, दादाची सुधारणा पडली."

पुढची काही वर्षं आमच्याकडे तज्ज्ञांचा राबता होता. एकजण कंपनीचा शर्ट घालून आला. त्याने भिंतीला एक यंत्र लावून तिच्यात ओलावा असल्याचं सांगितलं. पावसाळ्यात. झड लागणाऱ्या भिंतीत. मी त्याला चहा दिला. त्याने एक केमिकल सुचवलं, ते लावलं, आणि पुढच्या पावसात ते केमिकलच पापडासारखं सुटलं, गिलाव्याला सोबत घेऊन. दुसऱ्याने सांगितलं, जाळी मारा. जाळी मारली. जाळीला गंज चढला आणि पिस्ता भिंतीवर तपकिरी ओघळ आले. तिसरा नुसता फोटो बघून मुंबईतूनच म्हणाला, की रंग दोनदा द्यायला हवा होता. दर वर्षी दिवाळीनंतर गवंडी यायचा, पोकळ झालेला गिलावा हातोडीने पाडायचा, नवा चढवायचा आणि जाताना मला सांगायचा, "बाई, यंदा सुटनार नाय." दर वर्षी तेच आणि त्याच चेहऱ्याने. लाज नावाची गोष्ट त्याच्या थापीवर कधी चढलीच नाही.

कुणी एकदा तरी म्हणावं ना, की वर छप्पर पुढे ओढा आणि भिंत मोकळी करा! मी म्हणायचे, पण मी पडले ड्रॉइंगची बाई.

आणि खरी करामत तर पुढेच आहे. एकदा दादा नि वहिनी कोणाच्या तरी बरोबर किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये राहून आले. तिथे उघड्या चिऱ्याच्या भिंती. पुण्यामुंबईची माणसं त्या भिंतींना पाठ लावून फोटो काढत होती. वहिनी तिथूनच फोन करून म्हणाल्या, "अहो वन्सं, काय सुंदर दिसतो हो तो लाल दगड!" मला वाटलं, चला, देवाने ऐकलं, आता गिलावा निघणार. छे! दादाने पेंटर पाठवला. त्या पेंटरने पिस्ता रंगावर लालसर रंग दिला, त्यावर पट्टीने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि स्पंजने ठिपके उठवले. चिऱ्याच्या भिंतीवर गिलावा आणि गिलाव्यावर चिऱ्याचं चित्र! मी आयुष्यभर मुलांना समोर ठेवलेली वस्तू बघून काढायला शिकवलं. पण वस्तू लिंपून टाकून वर तिचंच चित्र काढायचं, हे कुठल्याही इयत्तेला नव्हतं. त्यातही रेघा चुकलेल्या. दोन चिऱ्यांचे सांधे एकावर एक आलेले, तसे बांधले असते तर घर वडिलांच्या हयातीतच पडलं असतं.

दादाला मात्र ते चित्र इतकं आवडलं की आता ते सुटता कामा नये, असं त्याने ठरवलं. तेव्हा ताडपत्री आली. स्लॅबच्या कडेला बांबू आडवा बांधायचा, त्यावरून ताडपत्री जमिनीपर्यंत सोडायची, खाली पुन्हा बांबू आणि त्यावर चिरे. सगळी भिंत एका तुकड्यात बंद. भिंतीत आईची खिडकी होती, तीसुद्धा बंद.

पहिल्या वर्षी आई खाटेवर बसून खिडकीकडे बघत राहायची. खिडकीत निळं. दुपारीही दिवा लावावा लागे, आणि दिवा नसला की खोलीत सगळंच निळं. आईचं पांढरं पातळ निळं, तिचे हात निळे, कपातला चहासुद्धा कसलासा. वारा आला की ताडपत्री फडाफडा वाजायची, त्यात बाहेरचं काही ऐकू येत नसे. एसटी आली-गेली कळत नसे. मी आत गेले की ती विचारायची, "कोण गेला गो आता?" आणि मी तेव्हा स्वयंपाकघरात असायचे, मला काय ठाऊक!

मग ती एकदा म्हणाली, "खिडकीपुरती फाड ना ती."

मी दादाला विचारलं. दादा रोज फोन करायचा, हे मात्र सांगितलं पाहिजे. व्हिडिओवर. "जरा बाहेर जा, ताडपत्री दाखव. कोपरा दाखव. सुटलीय का? खालचे चिरे हलले का?" मी भर पावसात छत्री धरून मोबाईल फिरवायचे. भिंतीची सगळी तब्येत विचारून झाली की म्हणायचा, "आई कशी आहे?" मग मी आत येऊन मोबाईल आईसमोर धरायचे. एकदा बघून म्हणाला, "तुझ्या मोबाईलचा कॅमेरा बिघडलाय, आई निळी दिसते."

"कॅमेरा ठीक आहे," मी म्हटलं. "आईच निळी आहे. खिडकीपुरती ताडपत्री कापू का?"

"वेडी आहेस का? एकदा भोक पडलं की वारा आत शिरून सगळी फाटेल. मग गिलावा गेलाच म्हणून समज. चार-पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"मग वडिलांसारखे झाप लावू. खिडकीला टेकू देता येईल."

त्यावर दादा हसला. "झाप? अगं, लोक काय म्हणतील? झाप गोठ्याला लावतात."

हे बोलणं चालू असताना मोबाईल आईच्या हातात होता. आमच्या आईला कुणी काही बोललं तर ते ती जपून ठेवते.

ताडपत्री वर्षातून एकदाच मध्ये निघायची, गणपतीला. कारण गणपतीला सगळी मुंबई गावात येते आणि भिंत बघायला माणसं असतात. भाद्रपदात पाऊस गेलेला नसतो, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण आमचा दादा गणपतीच्या आदल्या दिवशी बांबू सोडायचा, ताडपत्री घडी करून ठेवायचा आणि चित्रातले चिरे ओल्या फडक्याने पुसायचा. मग झड आली की भिंत यथेच्छ भिजायची. विसर्जन झालं की तीच ओली भिंत पुन्हा ताडपत्रीत बंद, आत दिवाळीपर्यंत शिजत. गिलावा सुटू नये म्हणून इतका खटाटोप आणि तो सुटावा याचीही इतकी चोख व्यवस्था, एकाच माणसाच्या हातून! मला त्याचा राग येतो, आणि पुष्कळदा हसूही येतं.

त्या दिवसांत आईला खिडकी मिळाली असं कुणाला वाटेल. खिडकीच्या गजांना मुंबईकरांचे ओले टॉवेल वाळत घातलेले असायचे.

मागच्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यात आईने मला झावळ्या आणायला सांगितल्या. आमचा गोठा घराच्या पुढ्यात, रस्त्याला लागून आहे. त्यात गुरं नाहीत, शेवटची म्हैस गेली तेव्हापासून आम्ही तिथे लाकडं नि नारळाची सोडणं ठेवतो. ती भिजू नयेत म्हणून गोठ्याला दर वर्षी चार झाप लागायचेच, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. या वेळी मात्र ती विणतच राहिली. गुडघे गेले तरी बोटं चालत होती. झाप बांधायला आलेल्या गड्याला तिने स्वतः उभं राहून सांगितलं, की रस्त्याकडचा झाप वरच बांध, खाली मोकळा सोड.

पावसाने जोर धरला तशी तिची आवराआवर सुरू झाली. आधी दुपारची माझा हात धरून गोठ्यात जाऊन बसायची. मी म्हटलं, करमत नसेल. मग तिने पाट मागवला, मग पानाचा डबा नेला. मग म्हणाली, "माझी खाट हलव."

"कुठे?"

"गोठ्यात. हितं मला दिसत नाय."

मी वाद घातला नाही. वाद घालण्यासारखं तिच्या बोलण्यात काही नव्हतंच. लाकडं एका बाजूला रचली, जमीन सारवून घेतली, एक दिवा ओढून घेतला आणि गड्याच्या मदतीने खाट नेली. रात्री मीही माझं अंथरूण तिथेच घालू लागले. उघड्या चिऱ्याचा गोठा. छप्पर पुढे ओढलेलं, ते वडिलांच्याच हातचं. एवढी झड लागली, पण आत थेंब नाही. पाऊस थांबला की आई झापाला काठी लावायची आणि रस्त्याकडे तोंड करून बसायची.

आठवडाभरात तिची कळा बदलली. मासळीवाली रोज टेकायला थांबू लागली. शाळेतून येणाऱ्या पोरी हाक मारून जायच्या. पालीच्या बाजारातून येणारा कुणी ना कुणी एसटीतून उतरला की काठी लावलेला झाप बघून आत डोकावायचा. मला पुन्हा गावाच्या बातम्या मिळू लागल्या. आई हसायला लागली, जेवायला लागली, आणि मला बोलायलाही लागली, म्हणजे ती बरी झाली. घरात निळ्या ताडपत्रीमागे दादाचा गिलावा एकटाच आराम करत होता.

मंडळाला बातमी समजायला कितीसा वेळ लागतो? दादाचा फोन आला. त्या दिवशी त्याने भिंत दाखव म्हटलं नाही.

"आई गोठ्यात राहते?"

"हो."

"तुला काही कळतं का? बंगल्यासारखं घर असताना आईला गोठ्यात ठेवलंस? ग्रुपवर फोटो आलाय. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही!"

मी म्हटलं, "मी नाही ठेवलं. ती गेली. तिला निळी पडायचा कंटाळा आला."

फोटो मी नंतर पाहिला. झाप, काठी, आणि खाली आई पान जुळवत बसलेली. इतक्या वर्षांत घरात काढलेल्या तिच्या कुठल्याच फोटोत ती अशी दिसली नव्हती. दादाला त्यात फक्त गोठा दिसला. पावसाळे गेले, ती निळ्या अंधारात विचारत राहिली, कोण गेला गो आता, तेव्हा याच्या तोंडाला काही झालं नाही. रस्त्यावरच्या माणसांना ती दिसली तेव्हा ते तोंड लपवायची वेळ आली. सख्खा भाऊ आहे, तरी लिहिते: मला त्याची किळस आली.

तो गणपतीच्या चांगला आधी आला. पिशव्या खाली ठेवल्या आणि थेट पश्चिमेला जाऊन ताडपत्री ओढूनच काढली, दोऱ्या सोडवायचाही धीर नव्हता. मग गोठ्यात येऊन म्हणाला, "आई, काढली बघ. खिडकी मोकळी झाली. चल घरात."

आई म्हणाली, "गणपती गेल्यावर लावशील ना पुन्ना?"

दादा म्हणाला, "ते मग बघू."

"मग मी हितंच बघते," आई म्हणाली, आणि रस्त्याने चाललेल्या कोणाला तरी हाक मारली.

त्यानंतर झड सुरू झाली ती थांबेना. उघडी पडलेली भिंत भिजत राहिली. दादा खिडकीतून हात बाहेर काढून गिलावा चाचपायचा नि चेहरा करायचा, तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावल्यासारखा. मी ते बघत होते. आई गोठ्यात दमट हवेत झोपली होती, तिच्या कपाळाला त्याने हात लावला नाही.

गणपती बसले. आई आरतीपुरती यायची, माझ्या खांद्याला धरून उंबऱ्याजवळ उभी राहायची आणि आरती झाली की परत. घर माणसांनी भरलेलं. गौरीच्या दिवशी संध्याकाळची आरती चालू होती, टाळ टिपेला गेलेले, आणि बाहेर धप्प असा मोठा आवाज झाला. मग आणखी एक. मग सरसर काहीतरी घसरत गेल्यासारखं. कुणीच थांबलं नाही, आरती अर्धवट सोडता येत नाही. दादाचे टाळ वाजत राहिले, पण ताल गेला. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "फणसाचे दिवस तर गेले गो." मला आरतीत हसू आवरेना, वहिनींनी डोळे वटारले.

आरती झाल्यावर सगळे कंदील-मोबाईल घेऊन पश्चिमेला गेले. खिडकीच्या वरपासून खालपर्यंत भिंत सोलून निघाली होती. चित्रातले चिरे चिखलात पडले होते आणि वडिलांनी लावलेले चिरे मागून उघडे झाले होते, लाल, भिजलेले, जागच्या जागी. पाहुण्यांतला एक मुंबईकर म्हणाला, "अरे, हे असंच किती छान दिसतंय!" दादा त्याच्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता तरी डोक्यात उजेड पडेल.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईला निघण्याआधी, दादा गोठ्यात आला. हातात मोजायची टेप. आई काठी लावून रस्त्याकडे बघत बसली होती. मी भाजी निवडत होते. दादाने एका भिंतीला टेप लावली, मग दुसऱ्या. मग आईच्या खाटेच्या कडेला टेकला आणि खूप मऊ आवाजात बोलू लागला. खरंच मऊ. त्याला वाटत होतं, आपण हरलो आणि मोठ्या मनाने हार मान्य करतोय.

"आई, तुला इथेच बरं वाटतं ना? ठीक आहे. माझा हट्ट नाही. पण असं बरं दिसत नाही. हे झाप काढू, वर स्लॅब घालू, आणि बाहेरून छान गिलावा करून घेऊ. गवंड्याशी बोललोय मी. तो म्हणतो, यंदा सुटणार नाही."

मी आईकडे बघितलं. तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. वळणावरून एक छत्री वर येत होती आणि ती कोणाची हे तिला ओळखायचं होतं.

"कर रे बाबा," ती म्हणाली. "मी मेले का दुसऱ्या दिवशी कर. तवर येवडी काठी राहू दे."